नारिंगी वायर

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. माझ्या नवऱ्याला, ओरेस्टला, न विचारता सांगतेय. त्याला कळलं तर तो आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही.

कॅनडातल्या मॅनिटोबातलं आमचं छोटं गाव. जानेवारी महिना. बाहेर उणे अडतीस. आणि ती एक पहाट...

आमचं जोडघर आहे, मधे एकच भिंत. पलीकडे वासिलकाका आणि मार्ताकाकू राहायचे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. दोन्ही घरांच्या गाड्या समोर शेजारी शेजारी उभ्या असायच्या. मधल्या खांबावर विजेचे सॉकेट. इथल्या थंडीत गाडीच्या इंजिनालाही रात्रभर वायर लावून ऊब द्यावी लागते. नाही दिली तर सकाळी गाडी नुसती कण्हत राहते.

त्या डिसेंबरचं आमचं विजेचं बिल दुप्पट आलं.

ओरेस्टने कंपनीला फोन करून आकाशपाताळ एक केलं. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मीटर तपासायला माणूस पाठवतो, पण वेळ लागेल. तोवर घराबाहेर कोणी तुमची वीज वापरतंय का बघा."

ओरेस्टने खिडकीतून पाहिलं. वासिलकाकांच्या जुन्या पिकअप ट्रकमधून निघालेली नारिंगी वायर खांबावर आमच्या बाजूच्या सॉकेटमध्ये लावलेली होती.

"बघ! म्हातारा चोर निघाला की!"

"अरे, आधी विचार तरी त्यांना."

"काय विचारू? वीज घेताना त्याने मला विचारलं होतं?"

राग मलाही आलाच होता. संध्याकाळी कचरा टाकायला बाहेर गेले आणि ती वायर उपटली.

ओरेस्टने नाही. मीच.

पहाटे आवाज आला... घर्र... घर्र... घर्र...

काकांचा ट्रक सुरू होत नव्हता.

ओरेस्ट पांघरुणातूनच पुटपुटला, "घे म्हणावं, फुकटची वीज!"

मी हसले. हसले आणि कूस बदलून झोपले.

आवाज बराच वेळ येत होता... मग थांबला.

उजाडल्यावर दारात ॲम्ब्युलन्स दिसली. मार्ताकाकूंच्या छातीत दुखायला लागलं होतं. गावातली एकुलती एक ॲम्ब्युलन्स लांब कुठेतरी अपघाताला गेलेली. म्हणून काकांनी त्यांना ट्रकमध्ये बसवलं, पट्टा लावला आणि किल्ली फिरवत राहिले.

काकू तिथेच गेल्या. पट्टा लावलेल्या.

आमची गाडी शेजारीच उभी होती. गरम. तयार.

"तुमचं दार वाजवणार होतो," काका नंतर म्हणाले, "पण वाटलं, पोरांची झोप कशाला मोडा? आता होईलच सुरू."

अंत्यविधीला ते भेटेल त्याला एकच सांगत होते. "वायर लावायला मीच विसरलो. मीच मारलं तिला."

मी तिथे पाव वाटत होते. वाटतच राहिले.

आणि मग मीटरवाला आला. मी त्याला नारिंगी वायरीचा सॉकेट दाखवला.

"ताई, हा सॉकेट तुमच्या मीटरवर नाहीच. शेजाऱ्यांच्या मीटरवर आहे. तुमचं बिल वाढलंय ते तळघरातल्या गरम पाण्याच्या टाकीमुळे. ती बंदच होत नाहीये."

टाकी बदलली. बिल उतरलं. काकांचा ट्रक भंगारात गेला आणि काका वृद्धाश्रमात. त्यांच्या घराची वीज कंपनीने तोडली. तो सॉकेटही मेला. नारिंगी वायर तेवढी खांबावरच्या खिळ्याला गुंडाळलेली राहिली.

पुढच्या थंडीत आमचं बिल पुन्हा दुप्पट...

टाकी ठीक होती. ओरेस्टने पुन्हा तक्रार केली. तोच मीटरवाला आला आणि आठवडाभरासाठी एक यंत्र लावून गेला. परत आला तेव्हा डोकं खाजवत होता.

"अंधार पडला की काहीतरी सुरू होतं. रात्रभर चालतं. पहाटे बंद. गाडीला वायर लावावी ना, तसं."

"आमच्याच गाडीचं असेल," ओरेस्ट म्हणाला.

"तुमची गाडी धरली मी. ही दुसरी आहे."

ओरेस्टने तक्रार मागे घेतली. का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट चढवून बाहेर गेले.

खिळ्यावर वायर नव्हती...

तिचं एक टोक मेलेल्या सॉकेटमध्ये होतं. दुसरं ट्रकच्या रिकाम्या जागेवर पडलं होतं. मी हातमोजा काढून ते धरलं.

कोमट होतं.

ट्रकचं तोंड जिथे यायचं, तेवढ्याच जागेवर बर्फ नव्हता.

आणि माझ्या अगदी समोर... घर्र... घर्र... घर्र...

समोर काहीच नव्हतं.

त्या रविवारी मी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करून काकांना भेटायला गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. निदान त्यांच्या मनावरचा दगड तरी उतरेल.

"काका, त्या रात्री तुम्ही वायर लावायला विसरला नव्हता..."

काका हसले. "तूही तेच म्हणतेस, लेस्या? मार्ता रोज पहाटे येऊन हेच भांडते माझ्याशी. म्हणते, वायर मी माझ्या हाताने लावली होती, कोणीतरी काढली. मी म्हणतो, अगं, कोण काढणार? शेजारी आपल्या पोरांसारखे आहेत."

"मग... काकू काय म्हणतात?"

काकांनी पिरोगीचा तुकडा तोंडात टाकला.

"काही नाही. म्हणते, मी विचारूनच येते."

मी पुढचं काही न सांगताच घरी आले. अजूनही सांगितलेलं नाही. बिल येतं तेवढं मुकाट्याने भरतो.

पण काल पहाटे घर्र आवाज आलाच नाही. त्याऐवजी ट्रकचं दार उघडून बंद झालं... आमच्या पायऱ्यांवर बर्फ करकरला... आणि कोणीतरी दार वाजवलं. हळूच. झोप मोडू नये असं.

आम्ही दोघंही जागे होतो.

या वेळीही कोणी उठलं नाही.