व्हाउचर मान्य नाही

"मॅडम, आम्ही आपले पैसे अडकवत नाही आहोत. आम्ही आपल्याला आनंदाचं व्हाउचर देतोय," काचेमागचा माणूस म्हणाला आणि त्याचा गळ्यापर्यंत येणारा ढगळ मास्क नाकावरून घसरला.

त्याने तो वर ओढला. "एक वर्षाची मुदत, शिवाय..." पुन्हा घसरला.

"आधी मास्क सावरा," मी म्हणाले. "मग आनंदाचं बोला."

सहल कंपनीच्या त्या ऑफिसात मी चिडूनच शिरले होते. ताईने आणि मी दोन वर्षं पैसे साठवून आठ दिवसांची बेटांची सहल ठरवली होती. महामारी आली, सहल रद्द झाली. माझं शिलाईचं दुकान साडेचार महिन्यांपासून बंद होतं. जागामालकाने पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत थकलेलं भाडं मागितलं होतं. नाहीतर कुलूप त्याचं. सहलीचे पैसे परत मिळाले असते तर भाडं फिटलं असतं. दुसरीकडून येण्यासारखे पैसेच नव्हते.

"तुमच्या आनंदाने दुकानाचं भाडं भरता येईल का?"

"नाही. पण दहा टक्के आनंद जास्तीचा मिळेल."

तो समोरच्या छापील कागदावरून वाचत होता. डोळे मात्र वाचत नव्हते, हसत होते.

"मी सही करणार नाही."

"मग पुढच्या गुरुवारी यावं लागेल."

"येईन."

"कदाचित त्याच्या पुढच्याही."

"दुकान बंद आहे माझं. गुरुवार मोकळाच असतो."

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. पैशांबद्दल एक वाक्य, त्या हसऱ्या डोळ्यांबद्दल चार. ताई कणीक मळता मळता थांबली. "नाव काय त्याचं?"

"खिडकी नंबर चार."

"लोकांना माणसं आवडतात," ती म्हणाली. "हिला खिडकी!"

तिसऱ्या गुरुवारी त्याने व्हाउचरसोबत प्रवासी बॅग देऊ केली. मी ती उलटी करून पाहिली. "पहिल्याच प्रवासात उसवेल ही."

"कंपनीची बॅग आहे, मॅडम." त्याने दोन बोटांनी शिवण ताणली. टर्र आवाज झाला. आम्ही दोघंही हसलो, इतक्या जोरात की शेजारच्या तीन नंबरच्या बाईंनी मान वळवली.

चौथ्या गुरुवारी मी त्याच्यासाठी मास्क शिवून नेला. करड्या अस्तराचा, दोन पदरी. अकरा वर्षं शिवते आहे. नजरेने माप घेते, टेप फक्त खात्रीसाठी. तो पाठ फिरवून मास्क बदलून वळला, आणि मास्कच्या खालून काळीभोर दाढी चहूबाजूंनी बाहेर आली.

"मॅडम... दाढी मापातून वगळलीत तुम्ही."

"मला वाटलं, सफाचट हनुवटी असेल. मी आपली कल्पनेने..." मी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"अच्छा? आणि कल्पनेतली हनुवटी कशी आहे?"

"हट्टी."

"खरी पाहून घ्या एकदा."

"आधी रिफंड द्या. मग बघू."

पाचव्या गुरुवारी मात्र तो हसला नाही. माझा अर्ज समोर धरून तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही नाही म्हणून गेलात की आम्ही यावर काय शेरा लिहितो, माहीत आहे? 'ग्राहक विचार करत आहे.' सहल रद्द झाल्यापासून नव्वद दिवस असा विचार केला की व्हाउचर मान्य आहे असं धरलं जातं. तुमचे अकरा दिवस उरलेत."

"मी चार आठवडे नाही म्हणतेय!"

"कागदावर चार आठवडे विचार करताय."

"आणि हा शेरा लिहितं कोण?"

तो खाली पाहत राहिला. "मी. वरून तसा हुकूम आहे."

"म्हणजे माझ्याशी हसत होतास, आणि मी वळले की हे लिहीत होतास?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, मला कळलं नाही. त्याने पेन उचललं, चारही शेरे खोडले, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: 'ग्राहकाने पाचव्यांदा स्पष्ट नकार दिला. पैसे परत मागितले.' शिक्का मारून प्रत काचेखालून पुढे सरकवली.

"तुझी नोकरी?" मी विचारलं.

"तुझं दुकान?" तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी चार नंबरची खिडकी बंद होती. तीन नंबरच्या बाईंनी मला खुणेने बोलावलं. त्याने तो नकाराचा शेरा एकट्या माझ्याच अर्जावर लिहिला नव्हता. त्याच्याकडच्या सगळ्या अर्जांवर लिहिला होता – एकशे त्रेसष्ट. साहेबांनी त्याला घरी बसवलं होतं.

माझ्या मागे चाळीसेक माणसं रांगेत होती. मी वळले आणि सगळं मोठ्याने सांगितलं. नव्वद दिवस, शेरा, सगळं. "नकार स्वतःच्या हाताने लिहा! शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलू नका!"

साहेब केबिनमधून धावत आले. "बाई, इथे गोंधळ नको."

"गोंधळ कुठे, साहेब? मी विचार करतेय. फक्त मोठ्याने."

रांग हसली. काठी टेकत उभ्या असलेल्या एका आजोबांनी सगळ्यात आधी पेन मागितलं. मग पेनं कमी पडली.

सत्तावीस तारखेला पैसे खात्यात जमा झाले. अठ्ठावीसला मी भाडं भरलं आणि दुकान उघडलं. दुपारी दारात एक दाढीवाला उभा. पत्ता अर्जावर होताच. त्याने मास्क काढला. हनुवटी दाढीत हरवलेली होती, पण हसू पहिल्यांदाच पुरतं दिसलं... आणि ते मी कल्पनेत फार लहान धरलं होतं.

त्याच्या हातात कागद होता. "माफीनामा. सही केली तर परत घेतील. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं." तो अडखळला. "दोन वर्षांनी आलो की... बघू आपण. थांबशील?"

मी पायडलवरचा पाय काढला. "नाही."

"नाही?"

"जायचं तर मोकळ्या मनाने जा. रागावणार नाही. पण मला व्हाउचर देऊ नकोस."

त्याने हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्या एकशे त्रेसष्ट शेऱ्यांची मला लाज वाटत नाही," तो म्हणाला. "त्यांच्या आधीच्यांची वाटते. माफी मागायची तर ती लोकांची मागेन, कंपनीची नाही." मग एक श्वास घेऊन, "नोकरी नाही माझ्याकडे. पुढचं काही ठरलेलं नाही. पण तू आवडतेस मला. आज. आत्ता."

"मलाही," मी म्हणाले. आवाज मला हवा होता तितका करारी निघाला नाही. "आत्ताच."

इतक्या महिन्यांत ओल लागून माझ्या मशीनच्या टेबलाचा एक पाय खालून कुजून आखूड झाला होता, सकाळपासून ते डुगडुगत होतं. त्याने ते पाहिलं, माफीनाम्याच्या चार घड्या घातल्या आणि वाकून पायाखाली सरकवल्या.

मी मशीन चालवलं. टेबल जागचं हललं नाही. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि टीप वाकडी गेली.

अकरा वर्षांत मी वाकडी टीप कधी ठेवली नव्हती. ती उसवली नाही.