होबर्ट मेब्रीची बाटली

"माझे वडील मेले, एवढं कारखान्याला मान्य आहे," कोरा मेब्री म्हणाली. "कशाने मेले, ते मान्य नाही."

विनी स्टॅम्परने तिला खुर्ची दिली. विनी पूर्वी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. कंपनीला नको असलेली उत्तरं ती वारंवार आणू लागली, तेव्हा नोकरी गेली आणि बेकरीच्या माडीवर खाजगी तपासाची पाटी लागली. जोडीला डेल पायॅट, निवृत्त हवालदार. गाडी चालवणं, दारं ठोठावणं आणि चुकीच्या माणसावर ठाम संशय घेणं, ही त्याची कामं.

डेलने सफरचंदाच्या पायचा तुकडा कोरापुढे सरकवला. "खा पोरी. रिकाम्या पोटी कारखान्याशी भांडू नये."

"सवय राहिली नाही, काका. बाबांना साखर होती, म्हणून घरात गोड व्हायचंच नाही. रोज सकाळी लघवीत पिवळी पट्टी बुडवायचे. साखर असली की ती हिरवी होते, आणि औषध चालू असूनही रोज व्हायचीच. मग म्हणायचे, सिग्नल हिरवा आहे, पण गाडी पायकडे न्यायची नाही."

डेल हसला. ती हसली नाही, तसा त्याने पायचा तुकडा मागे ओढला.

होबर्ट मेब्रीने आयुष्यभर नदीकाठच्या कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये कापडावर रबर चढवलं. रबर बेंझीनमध्ये विरघळवायचं, कापडावर पसरायचं, बेंझीन हवेत उडून जायचं. त्या हवेत माणसं श्वास घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात होबर्टला रक्ताचा कर्करोग निघाला. फेब्रुवारीत तो गेला.

"उद्या काउंटीच्या कोर्टात सुनावणी आहे," कोरा म्हणाली. "कारखान्यांच्या संघाने एक संशोधन करून ठेवलंय. हॉलमधल्या प्रत्येकाची लघवी तपासली. बेंझीनची खूण कुणाच्याच लघवीत नाही. म्हणजे हॉलमधली हवा स्वच्छ. त्यात बाबांचीही बाटली आहे."

"आणि तुला हवी आहे भरपाई?"

"भरपाई राहू दे. त्या अभ्यासात माझे वडील त्यांच्या बाजूने साक्ष देतायत. मेलेल्या माणसाच्या तोंडून खोटं वदवलंय. ते मला पुसून हवंय."

विनीने वही उघडली. "तपासणी कधी झाली?"

"बाबांचं दुखणं निघालं, त्याच्या आदल्या नोव्हेंबरात. हरणांच्या शिकारीचा आठवडा संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. सकाळी फाटकावरच, कामावर जायच्या आधी."

"वडील गेले होते शिकारीला?"

"त्या वर्षी नाही. घोटा मुरगळला होता. हॉल नेहमीसारखा बंद, सगळे डोंगरात. बाबा एकटेच बेंझीनच्या टाकीत उतरून तळ खरवडत होते. रविवारी संध्याकाळी आले, तेव्हा अंगाला इतका वास येत होता की मी खिडक्या उघडल्या." ती थांबली. "सोमवारी मात्र खूश होते. म्हणाले, शहरातून एक टायवाला साहेब आलाय, पण माणूस माणसातला आहे. बाटली घेताना प्रत्येकाला विचारत होता, काय, हरीण मिळालं का? बाबा म्हणाले, कसलं हरीण, साहेब, मी टाकीत होतो. तर साहेबाने त्यांच्या पाठीवर थाप मारली."

"त्या पट्ट्या अजून आहेत घरी?"

"न्हाणीघरातल्या फळीवर. काढायला हात होत नाही."

"उद्या घेऊन ये," विनी म्हणाली.

कारखान्याचे डॉक्टर एल्सवर्थ प्रेगर जन्मापासून याच खोऱ्यातले. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर हरणांची शिंगं होती, प्रत्येकाखाली पितळी पट्टी.

"बेंझीनची खूण शरीरात किती टिकते, डॉक्टर?"

"दोन दिवस. फार तर तीन."

"म्हणजे आठवडाभर डोंगरात राहिलेला माणूस?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "धुतल्यासारखा स्वच्छ."

"हे तुम्ही संशोधन करणाऱ्यांना सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं नाही."

"तुमच्या खिडकीतून फाटक दिसतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. विनीने विषय बदलला. "होबर्टच्या साखरेचं?"

"मीच औषध द्यायचो. कारखान्यात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. फोरमनला कळलं असतं तर टाकीच्या जादा पगाराच्या कामावरून काढलं असतं त्याला. हातापाया पडला माझ्या, म्हणून लपवलं." ते खिडकीकडे वळले. "काढला असता तर बरं झालं असतं."

जिन्यातच डेलने तिचा दंड धरला. "हाच, बाई! भिंत बघितलीत ना? स्वतःच शिकारी आहे. याला सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं खरं," विनी म्हणाली. "गप्प बसायला तेवढं पुरतं."

प्रोफेसर लायमन थॅकरी हॉटेलच्या दिवाणखान्यात भेटले. पायाशी बर्फाची पेटी. विद्यापीठातला माणूस; सुनावणीत त्यांचीच साक्ष मुख्य होती.

"बाटल्या माझ्याकडे आल्या, मी तपासल्या. यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम."

"तारीख कुणी ठरवली?"

"संघाच्या मिस्टर क्रो यांनी. मला सोयीची होती, थँक्सगिव्हिंगची सुट्टी नुकतीच संपलेली."

"तुम्ही फाटकावर होतात?"

"गाडीत होतो, सामान सांभाळत. भयंकर थंडी! बाटल्या क्रोच गोळा करून आणून देत. तुमच्याकडे रस्त्यांची कामं फार चालतात वाटतं? अर्धे कामगार नारिंगी जाकिटं घालूनच आले होते."

डेलला कॉफीचा ठसका लागला. शिकारीत एकमेकांच्या गोळ्या लागू नयेत म्हणून या खोऱ्यात सगळेच नारिंगी घालतात, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं.

"होबर्ट मेब्रीची बाटली?"

"या पेटीत, गोठवलेली. उद्या कोर्टात ठेवणार आहे. कुणीही तपासावी. मला कशाची भीती?"

"उद्या सकाळी सुनावणीआधी मला दाखवाल?"

"अवश्य!"

अ‍ॅन्सल क्रो कोर्टासमोरच्या खानावळीत जेवत होता. पन्नाशीचा, हसरा, टायची गाठ घट्ट. कारखान्यांच्या संघात त्याचा हुद्दा होता संशोधन-नियोजक.

"म्हणजे संशोधन तुम्ही करता?"

"छे छे! मी फक्त प्रश्न ठरवतो. कुणाला, कुठे, कधी विचारायचा ते. उत्तर शास्त्रज्ञ देतात." त्याने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला. "त्या मुलीबद्दल मला फार वाईट वाटतं. पण भावना वेगळी आणि आकडा वेगळा, नाही का?"

"तोच सोमवार का निवडलात?"

"कॅलेंडरमध्ये मोकळा होता. दुसरं काय?"

"या भागातले आहात?"

"मी? फिलाडेल्फियाचा, जन्मापासून. तुमचे डोंगर पहिल्यांदा पाहिले ते त्या तपासणीच्या वेळी. बंदूक तर कधी हातातही धरली नाही." तो बोलता बोलता पावाचा चुरा ताकाच्या उंच पेल्यात टाकत होता. मग लांब चमच्याने ढवळून तो खाऊ लागला. "एक सांगतो, बाई. हॉलमधला एकही माणूस आम्ही वगळला नाही. एकही नाही. तीच आमच्या अभ्यासाची ताकद."

गाडीत बसल्यावर डेल म्हणाला, "माणूस वाईट नाही हो. ताकात मक्याचा पाव कुस्करून खातो, अगदी माझ्या आईसारखा. शहरातली माणसं नुसत्या वासाने नाक मुरडतात."

"गाडी थांबव," विनी म्हणाली.

"का? काय चुकलं?"

"काही नाही. तू आज पहिल्यांदाच बरोबर माणूस पकडलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या बाजूच्या खोलीत सगळे जमले. डेलच्या हातात सफरचंदाच्या रसाचा पेला होता. कोराने पर्समधून पिवळ्या पट्टीचं छोटं रीळ काढलं आणि मुठीत धरून बसली. मधल्या टेबलावर होबर्टची बाटली बर्फ वितळून तयार होती. क्रोने घड्याळ पाहिलं.

"लवकर आटपते," विनी म्हणाली. "प्रोफेसर, ती माणसं रस्त्याचे कामगार नव्हती. आठवडाभर डोंगरात शिकार करून आली होती. त्या आठवड्यात हा कारखाना हॉल बंद ठेवतो, कारण कुणी येतच नाही. बेंझीनची खूण दोन-तीन दिवसांत जाते. वर्षातून एकच सोमवार असा येतो, ज्या सोमवारी या हॉलमधली माणसं धुतल्यासारखी असतात. तुम्हाला नेमका तोच दिला गेला."

थॅकरींचा चेहरा उतरला. "पण... मग हा अभ्यास..."

"तुमचं यंत्र खोटं बोललं नाही. त्याला विचारलेला प्रश्नच खोटा होता."

"योगायोग," क्रो म्हणाला.

"तसं म्हणता आलं असतं. पण एक माणूस आड आला. होबर्ट मेब्री डोंगरात गेला नव्हता, रविवारपर्यंत टाकीत होता. त्याच्या बाटलीत खूण सापडायलाच हवी होती. अशी एक बाटली निघाली असती तर प्रोफेसरांनी विचारलं असतं, याच्याच का? आणि मग उरलेल्यांच्या का नाहीत? त्याला वगळताही येत नव्हतं, कारण एकही माणूस वगळलेला नाही हीच तुमची ताकद. कोरा, पट्टी दे."

कोराने पट्टी फाडली. बाटलीतही तिनेच बुडवली. सगळे पाहत राहिले. पट्टी पिवळीच राहिली.

"डॉक्टर?"

प्रेगर पुढे झाले. "होबर्टची पट्टी पिवळी? कधीच नाही. माझ्यासमोर दर वेळी हिरवी व्हायची."

"जुनी झाली असेल पट्टी," क्रो पटकन म्हणाला.

विनीने डेलच्या रसात दुसरी पट्टी बुडवली. बघता बघता ती हिरवी झाली.

"अहो, माझा रस!" डेल म्हणाला.

"ही लघवी होबर्टची नाही," विनी म्हणाली. "नाव त्याचं, बाटली त्याची, आतलं दुसऱ्याचं. मग बदलली कुणी? बदलणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. शिकारीचा आठवडा म्हणजे काय, हे त्याला माहीत हवं. प्रोफेसरांना नारिंगी जाकीटही कळलं नाही. दुसरी, बाटल्या हातात हव्यात. आणि तिसरी, होबर्टची साखर त्याला माहीत नको."

"नको?" डेल म्हणाला.

"डॉक्टरांना माहीत होती. त्यांनी बदलली असती तर वर चिमूटभर ग्लुकोज टाकायला विसरले नसते."

क्रो हसला. "आणि मला शिकारीचं काय कळतं? मी फिलाडेल्फियाचा."

"फिलाडेल्फियाचा माणूस ताकात मक्याचा पाव कुस्करत नाही, मिस्टर क्रो. ते इथल्या डोंगरातल्या आया शिकवतात. तुम्ही कुठल्या खोऱ्यातले, ते शोधायला मला एक दिवस लागेल. तुम्हीच सांगा, दिवस वाचेल."

क्रोचं हसू गेलं. तो टायच्या गाठीशी चाळा करत राहिला.

"तरी होबर्ट मागे राहिला, हे मला कसं कळणार?" अखेर तो म्हणाला. "मी त्या हॉलमध्ये पाऊलही ठेवलेलं नाही."

"तुम्ही विचारलंत," विनी म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "रांगेतल्या एकेकाला. हरीण मिळालं का? ज्यांनी हरणाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या बाटल्या खोक्यात. एकाने सांगितलं, मी टाकीत होतो. त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि त्याची बाटली बाजूला काढलीत. स्वच्छ बाटली भरायला माणसाला फार लांब जावं लागत नाही, स्वतःचीच पुरते. या एवढ्या अभ्यासात, प्रोफेसर, 'आठवडाभर कुठे होता?' हा एकच खरा प्रश्न होता. तो तुम्ही विचारला नाहीत. डॉक्टरांनी विचारला नाही. विचारला तो फक्त या माणसाने, कारण त्याला उत्तर लपवायचं होतं."

डॉक्टर प्रेगर खाली पाहत होते. थॅकरींनी बाटलीला झाकण लावलं.

"माझं नाव पुकारतील," ते म्हणाले. "तेव्हा मी हेच सांगेन. सगळं. मी गाडीत बसून होतो, तेही."

"मीही सांगेन," डॉक्टर म्हणाले. "कुणी विचारायची वाट न पाहता."

क्रोने हॅट उचलली. "मी कुणाला विष दिलेलं नाही," तो कोराकडे न बघता म्हणाला. "टाकीत मी उतरवलं नाही त्याला. मी फक्त एक तारीख ठरवली."

कोरा उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी बाबा जेवताना तुमच्याबद्दलच बोलत होते. म्हणाले, एवढ्या वर्षांत वरून आलेला पहिला माणूस, ज्याने माझी विचारपूस केली."

बाहेर शिपायाने पुकारा केला. मेब्री विरुद्ध कारखाना.

ती बाजूला झाली. क्रो खाली मान घालून तिच्याजवळून निघाला, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली. तो दचकून वळला.

"काय साहेब," ती म्हणाली, "हरीण मिळालं का?"