शटर उघडं असताना

पहिल्याच भेटीत मी त्याच्या घरच्यांना हसले. मामाच्या स्टुडिओत त्याने रोल धुवायला दिला होता, आणि प्रिंट न्यायला आला तेव्हा काउंटरवर मी होते. सगळ्यांना खिडकीपुढे उभं करून काढलेले फोटो. खिडकी झकास, माणसं काळीठिक्कर.

"तुमच्याकडे सगळे अंधारातच राहतात का?"

तो कानापर्यंत लाल झाला… मग इतकं गोड हसला की तिथेच माझी विकेट पडली.

पुढे मी त्याची मास्तरीणच झाले. उजेड खिडकीचा नाही, चेहऱ्याचा मोजायचा, म्हणून जवळ जायचं. तो मीटर घेऊन जरा जास्तच जवळ यायचा. मी डोळे वटारले की म्हणायचा, मोजतोय ना! डिजिटलवर चुकलं तर पुन्हा काढता येतं, फिल्म असले लाड करत नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. आणि एक नियम तर घोकूनच घेतला होता – उजेड कमी असेल तर शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, आणि तोवर समोरच्याने ओठसुद्धा हलवायचा नाही. नाहीतर फोटो पुसट.

मग त्याला लांब नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आला, तुझा एक फोटो हवाय म्हणाला. दिवा लावू दिला नाही. मी स्टुलावर बसले. त्याने शटर उघडलं आणि घड्याळाकडे बघत, मान वर न करताच म्हणाला,

"जाऊ नकोस म्हण… नाही जाणार मी."

"नको जाऊस" अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण शटर उघडं होतं! माझी एवढीच आठवण नेतोय, ती पुसट कशी होऊ देऊ? बंद झालं की सांगू, म्हटलं.

शटर बंद झालं. मी बोलणार, तोच तो घाईने म्हणाला, "राहू दे, कळलं मला." काय कळलं रे वेड्या? तेवढ्यात मामा आला. त्याच्या हातात रोल देऊन हा गेलासुद्धा. त्याचा फोन आला नाही, आणि मीही कुठली कमी मानी.

वर्षभराने तो प्रिंट न्यायला आला. बायको बाहेर रिक्षात बसली होती. फोटो बघून म्हणाला,

"किती शांत बसली होतीस. विचारलं तरी ओठ हलला नाही तुझा."

"शटर उघडं होतं," मी म्हणाले.

तो फोटोकडे बघतच राहिला. बाहेरून हाक आली, तरी त्याची मान वर होईना. मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, जपून ने, बोटांचे डाग पडतात.