झोप न लागणाऱ्या वेली

"हिमालय माणसानं दोरखंडानं जिंकला नाही, द्राक्षाच्या वेलीनं जिंकला!" हर्षदराव बोरस्ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले आणि पुढच्या वाक्यासाठी त्यांनी हात उंचावला.

तेवढ्यात त्यांच्या मागची वेल म्हणाली, "सरका. ऊन अडतंय."

गाडी उशिरा येत असल्याचं स्थानकावर सांगतात, तसा सपाट आवाज होता तो. हर्षदराव सरकले. भाषण तिथेच संपलं. कॅमेरा धरून उभ्या असलेल्या पल्लवीताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, जाहीर केलं, "हेच पाठवते मी सगळ्या नातेवाइकांना."

वेलींना वाचा फुटल्याला काही वर्षं झाली होती. खोडात खुपसलेली केसाएवढी सुई रसातले विद्युत्स्पंद टिपायची आणि खांबावरची डबी त्या स्पंदांचे शब्द करायची. या यंत्राला 'वेलवाणी' म्हणत. झाडं बोलू लागली की काहीतरी गहन बोलतील, युगायुगांचं मौन सुटेल, असं जगाला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्यापाशी जेमतेम वीसेक शब्द निघाले. पाणी, ऊन, कीड, झोप, सरका, असले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पहिल्याच महिन्यात सामान बांधून परत गेले.

हर्षदराव मूळचे दिंडोरीचे. तिथे द्राक्षांचे वेलीवरच बेदाणे होऊ लागले तेव्हा त्यांनी बाग डोंगरावर नेली. तो डोंगर तापला तेव्हा त्याहून उंच डोंगरावर नेली. असं करत करत ते लाहौलच्या खोऱ्यात, साडेअकरा हजार फुटांवर येऊन टेकले. याच्या वर जायची सोय नव्हती, कारण याच्या वर माती नव्हती. दगड होते, आणि दगडाची वाईन काढायची विद्या अजून कुणाला साधली नव्हती.

पण इथली लाल वाईन म्हणजे नामी चीज होती. एवढ्या उंचीवर ऊन झोंबतं आणि रात्र गारठते, त्यामुळे द्राक्षाची साल जाड आणि काळपट होते. वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतूनच. पेला उजेडात धरला तरी पलीकडचं काही दिसायचं नाही. खालच्या बागा गेल्यावर देशात खऱ्या द्राक्षाची लाल वाईन एवढीच उरली होती. बाकीची प्रयोगशाळेत रेणूला रेणू जोडून बनायची आणि तिच्यात कसलीही खोट नसायची. हर्षदरावांच्या मते तीच तिची खोट होती.

त्या वर्षी ऑक्टोबर थंड व्हायला विसरला.

एरवी या दिवसांत वेली पानं गाळून "झोप, झोप" म्हणू लागत. मग त्यांना आडवं करून मातीखाली झाकायचं आणि बर्फ वितळल्यावर उकरून उभं करायचं. या वेळी मात्र बागभर एकच घोष चालला होता, "झोप नाही. झोप नाही."

वेलवाणीची देखभाल करणारी डॉ. आंगमो तपासायला आली. ती लाहौलचीच, पण पुण्यात शिकल्यामुळे मराठी बोलायची, तिथल्या टोमण्यांसकट.

"काका, पुरेसा गारठा साचल्याशिवाय वेलीला झोप लागत नाही. थोडं थांबा."

"किती थांबू?"

"ते मला सांगता आलं असतं तर तुमच्या डब्यांच्या सुया बदलत बसले असते का मी?"

"आमच्या दिंडोरीत वेल झोपायचीच नाही," हर्षदराव म्हणाले. त्यांचा हात नकळत खिशातल्या कात्रीकडे गेला होता. "एप्रिलात काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. काडी छाटायची, डोळ्यांना पेस्ट लावायची, की वेल फुटलीच. झोप येत नाही ना? मग कामाला लागू दे."

काडीवर कोंब फुटायची जी जागा असते तिला द्राक्षबागायतदार डोळा म्हणत. डोळा जागा करण्यात हर्षदरावांची हयात गेली होती.

"अहो, ही दिंडोरी नाहीये," पल्लवीताई म्हणाल्या.

"तू स्वेटर काढून बसलीयस, आणि मला सांगतेस दिंडोरी नाही म्हणून? ऐक जरा. वर जायला जागा राहिली नाही. मग दिंडोरीच वर आणू. हे जमलं तर बाग पुन्हा हलवायला नको. माझ्या अंगात आता आणखी एक बाग हलवायचं बळ नाही, पल्लवी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कॅमेऱ्यासमोर कधीच म्हटलं नसतं.

आंगमोनं समजावून पाहिलं. जागी वेल म्हणजे रस चढलेली वेल. त्यात बर्फ पडलं तर रस गोठतो आणि थंडीत नळ फुटावा तसं खोड आतून फुटतं.

"आणि नाहीच जागं केलं, नि अशीच झोप लागेनाशी झाली तर?"

आंगमो सुया पुसत राहिली. "तर तीन-चार वर्षांत थकून मरतील."

"मग मी काय चूक सांगतोय?"

छाटणी झाली. पंधरवड्यात बाग पोपटी झाली. वेली दिवसभर "ऊन! आणखी!" म्हणू लागल्या. हर्षदराव दिंडोरीच्या जुन्या मित्रांना फोन करून त्यांना ते ऐकवायचे. मित्र एसीत बसून रडायचे.

मग एका दुपारी आभाळ खाली आलं. हर्षदराव गोधड्या घेऊन धावले. पल्लवीताईंनी ट्रंकेतले शालू काढून वेलींवर टाकले, लग्नातला सुद्धा. सगळ्या डब्या स्थानकावरच्या त्याच आवाजात "थंडी. थंडी." सांगत होत्या. मग एकेक डबी गप्प होत गेली.

तिसऱ्या दिवशी आंगमो गुडघाभर बर्फातून आली. तिनं डब्या तपासल्या, तर यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ होती.

"झोपल्या, की गेल्या?" हर्षदरावांनी विचारलं.

"यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं, काका. एप्रिलात कळेल. पण खरं सांगायचं तर मला..."

"नको सांगूस."

ती गेली. हर्षदराव पहिल्या वेलीपाशी उभे राहिले. यंत्राला कळत नसलं तरी बागायतदाराला कळतं. साल खरवडली, नाहीतर काडी मोडली, की आत जिवंत हिरवं आहे की मेलेलं तपकिरी ते लगेच दिसतं. त्यांनी अंगठ्याचं नख सालीला टेकवलं. मग ते तसंच टेकवून ठेवलं. हिरवं निघालं तर पुढचा ऑक्टोबर होताच. तपकिरी निघालं तर डोंगर कुठला शोधायचा?

घराचं दार किलकिलं झालं.

"अहो," पल्लवीताईंनी हाक मारली, "शेगडी विझायला आलीय. येताना चार काड्या मोडून आणता का?"