किणर्कबाई कोण?

‘किणर्क’. हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. जीभ अडखळते की नाही? मिथिलाचीही अडखळली. तिनं ते हळू म्हटलं, तोडून म्हटलं, मग कंटाळून नाद सोडला. असलं आडनाव तिनं पृथ्वीवर कधी ऐकलं नव्हतं आणि इथे चंद्रावरही नाही.

मिथिला तांडेल सहावीत होती. तिचे आईबाबा चंद्रावरच्या कालिंदी वस्तीत काम करत, म्हणून तीही तिथेच राहायची. वस्तीनं नवं ग्रंथालय बांधलं होतं आणि त्याला एका संगणकशास्त्रज्ञ बाईंचं नाव द्यायचं ठरलं होतं; कुणाचं, ते मुलांनी अजून ऐकलं नव्हतं. या बाई काही महिन्यांपूर्वी पृथ्वीवर वारल्या होत्या. आज दुपारी कार्यक्रम होता आणि मुलांच्या वतीनं आभार मानायचं काम मिथिलाच्या गळ्यात पडलं होतं. गुरुजींनी बजावलं होतं, “टाकीकडे जा, पाटीवरचा मजकूर वाच, बाईंची माहिती शोध. आणि काय बोलायचं ते मनापासून बोल. पाठ केलेलं लगेच कळतं मला.”

ही टाकी पाण्याची नव्हे हं. पाथरवट ज्या हत्यारानं दगड घडवतो, त्यालाही टाकीच म्हणतात. वस्तीतल्या दगड कोरणाऱ्या रोबॉटचं (यंत्रमानवाचं) नाव त्यावरून ठेवलेलं. टाकी लेसरनं (प्रकाशाच्या बारीक, प्रखर झोतानं) चंद्रावरच्या काळ्या बेसॉल्टवर (थंड होऊन गोठलेल्या लाव्ह्याच्या खडकावर) अक्षरं कोरायची. सह्याद्रीचा काळा दगड आणि हा दगड एकाच जातीचे. त्यावर एकदा कोरलं की कोरलं, खोडरबर चालत नाही.

टाकीच्या पडद्यावर मजकूर होता:

‘यंत्रांना आपली अक्षरे िशकवणाऱ्या कुमुद किणर्क यांच्या स्मरणाथर्’

मिथिलानं वस्तीच्या मोठ्या संगणकात ‘कुमुद किणर्क’ शोधलं. उत्तर आलं: एकही नोंद नाही. तिला वाईट वाटलं. जिचं नाव दगडात कोरायचं, तिच्याबद्दल जगात एक ओळसुद्धा नसावी? आणि मग आभार मानायचे तरी कशाचे?

तिनं मजकूर पुन्हा वाचला आणि या वेळी शेवटच्या शब्दाशी थबकली.

“टाकी, हा शब्द वाच बरं.”

“स्मरणाथर्,” टाकी जराही न लाजता म्हणाली.

“म्हणजे काय?”

“ते मला ठाऊक नाही, मिथिलाताई. मी अर्थ कोरत नाही, अक्षरं कोरते.”

“अगं, ते ‘स्मरणार्थ’ असणार. ‘थ’च्या डोक्यावरचा रफार घसरून मागे पडलाय. आणि ही बघ, ‘शिकवणाऱ्या’ची वेलांटी. ‘श’ला सोडून आधीच जाऊन बसलीय. तिला टेकायला अक्षर नाही, म्हणून तुझ्या पडद्यानं तिथे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढलंय. मजकूर चुकलाय. कोरू नकोस.”

“बाईंच्या गावच्या शाळेनं पाठवलेला मजकूर आहे हा. मला परस्पर बदलता येत नाही. संदेशकक्षाचे रंगनेकर आजोबा सांगतील तर थांबेन. आणि कोरायची वेळ झाली आहे.” असं म्हणून टाकीनं खरोखरच झोत सुरू केला.

मिथिला पळत सुटली. चंद्रावर पळणं म्हणजे उड्या मारत जाणं. एक उडी अंमळ जास्त झाली आणि तिचं डोकं छताला लागलं, पण ती थांबली नाही. पृथ्वीवरून येणारे-जाणारे सगळे संदेश दिनकर रंगनेकर आजोबांच्या हाताखालून जात. ते चहा गाळत होते.

“आजोबा, किणर्कबाई कोण?”

“कोण?” आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मिथिलानं पेन उचललं आणि तळहातावर नाव लिहून दाखवलं. आजोबा क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“अगं, ही तर आमची कुमुदताई,” ते म्हणाले. “कर्णिक. कुमुद कर्णिक.” आणि चहा तसाच टाकून ते निघाले.

दोघं पोचली तेव्हा टाकीनं ‘यंत्रांना आपली अक्षरे’ एवढं सुबक कोरलं होतं आणि झोत पुढच्या शब्दाकडे सरकत होता.

“टाकी, थांब,” आजोबा म्हणाले. झोत विझला. आजोबा धापा टाकत खाली बसले.

“माझी पहिली नोकरी तिच्या हाताखाली,” दम खाऊन ते सांगू लागले. “तिला एकदा बक्षीस मिळालं, तर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना नाव मोडलं आणि प्रमाणपत्रावर छापून आलं ‘किणर्क’. आम्हाला हसू आवरेना. तीही हसली. म्हणाली, कागदावर मी पेनानं दुरुस्त करीन रे. पण उद्या सगळं ज्ञान यंत्रात जाणार. तिथे माणसांची नावं अशी मोडून पडली, तर त्यांना शोधणार कोण आणि ती सापडणार कशी?”

मिथिलाला मघाचं उत्तर आठवलं. एकही नोंद नाही.

“पण नाव मोडलं कसं?” तिनं विचारलं.

“टाकी, दगडाच्या पाच कपच्या दे. एकेकीवर एकेक खूण कोर. क, पहिली वेलांटी, ण, रफार, आणि पुन्हा क.” कपच्या हातात आल्यावर आजोबांनी त्या मिथिलापुढे ठेवल्या. “आता ऐक. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक संकेतांक (ठरवून दिलेला क्रमांक) असतो. आपण ‘क’ दाबला की यंत्र फक्त त्याचा क्रमांक साठवतं. आता तू मला सांग, ‘कर्णिक’ लिहिलेलं असेल, तर डावीकडून डोळ्याला काय काय दिसतं?”

मिथिलानं हवेत बोटानं नाव लिहिलं. “आधी क. मग पहिली वेलांटी, ती ‘ण’च्या आधी असते. मग ण. त्याच्या डोक्यावर रफार. मग क.” तिनं कपच्या तशा लावल्या.

“जुन्या पद्धतीत यंत्रं याच क्रमानं साठवायची. कागदावर छान दिसायचं, पण यंत्राच्या पोटात सगळा घोळ. आता तेच नाव डोळे मिटून म्हण. कानाला काय काय ऐकू येतं?”

मिथिलानं डोळे मिटले. “क… र्… ण… इ… क.” तिनं पटकन डोळे उघडले. “आजोबा, ‘र्’ तर ‘ण’च्या आधी ऐकू येतो. आणि वेलांटीचा आवाज ‘ण’च्या नंतर!”

“हेच. कुमुदताई आणि तिच्यासारखे अनेकजण त्या काळी याच गोष्टीसाठी हट्ट धरून बसले होते. साठवताना कानाचं ऐकायचं, दाखवताना डोळ्याचं. म्हणजे साठवायचं उच्चारक्रमानं (ज्या क्रमानं आपण बोलतो त्या क्रमानं). वेलांटी पुढे आणायची, रफार डोक्यावर चढवायचा, हा नट्टापट्टा यंत्रानं पडद्यावर दाखवताना करायची.”

मिथिलानं कपच्या हलवल्या. क, र्, ण, वेलांटी, क. “मग आत्ता काय झालं?”

“शाळेत कुणीतरी जुन्या संगणकावर, जुन्या पद्धतीनं टंकलं असणार. आमच्या कक्षातल्या यंत्रानं प्रत्येक खुणेला नवा क्रमांक दिला, पण क्रम जुनाच ठेवला. मग वेलांटी मागच्या ‘क’ला चिकटली, रफार पुढच्या ‘क’वर चढला.”

“किणर्क,” मिथिला आणि टाकी एकदमच म्हणाल्या.

मिथिलानं मनातल्या मनात स्वतःचं नाव त्या जुन्या क्रमानं लावून पाहिलं आणि कपचीनं जमिनीवर खरडलं: ‘िमिथला’. हे नाव घेऊन शाळेत जायचं म्हणजे कठीणच होतं.

“मला कारण पटलं,” टाकी म्हणाली. “मजकूर सुधारते. पण आजोबा, यंत्रांना अजून न येणारी अक्षरं आहेत का?”

“आहेत तर. कितीतरी छोट्या भाषा अजून खोळंबल्या आहेत. काहींच्या लिपीला क्रमांक मिळायचे आहेत, काहींची तर लिपीच ठरायची आहे. आणि मिथिला, माझ्याकडे असं बघू नकोस. माझ्याच्यानं आता चहासुद्धा धड गाळला जात नाही.”

मिथिलानं ‘कुमुद कर्णिक’ शोधलं तेव्हा पडदा नोंदींनी भरून गेला. तिला वाचायला जेमतेम अर्धा तास मिळाला.

दुपारी सगळी वस्ती ग्रंथालयात जमली. पाटीवर स्वच्छ कोरलेलं होतं: ‘यंत्रांना आपली अक्षरे शिकवणाऱ्या कुमुद कर्णिक यांच्या स्मरणार्थ’. मोठ्या पडद्यावर पृथ्वीवरून कुमुदताईंच्या धाकट्या बहीण, पुष्पा कर्णिक, कार्यक्रम बघत होत्या. पृथ्वी इतकी लांब की इथलं बोलणं तिथे पोचून त्यांचं उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागत.

मिथिला उभी राहिली. पाठ केलेलं काहीच नव्हतं.

“आज सकाळी मला कर्णिकबाई सापडतच नव्हत्या,” ती म्हणाली, “कारण त्यांचं नाव मोडलं होतं. आपली नावं कधी मोडत नाहीत. मला वाटायचं, ती अशीच असतात. ती कुणीतरी सांभाळलीत, हे मला आज कळलं. म्हणून ज्यांच्या नावात किंवा आडनावात रफार नाहीतर पहिली वेलांटी आहे, त्यांनी आभार मानायला उभं राहा. मी मिथिला. मी उभीच आहे.”

दिनकर रंगनेकर उठले. सर्जेराव उठले, अर्चनाताई उठल्या, शिर्के उठले, शिंदे उठले, कुलकर्णी तर तिघं होते. घाईत उठलेले काहीजण वीतभर वर उडाले आणि हळूच खाली आले. बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. मधोमध एकटे बबन जाधव बसून राहिले. ते वस्तीचे स्वयंपाकी. त्यांनी बोटांवर आपलं नाव पुन्हा पुन्हा तपासलं. रफार नाही, पहिली वेलांटीही नाही.

“माझं काय?” ते ओशाळून म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. “बायकोचं नाव ऊर्मिला आहे. तिला रोज लिहितो मी.” आणि तेही उठले.

लोक हसत होते. मिथिला मात्र पडद्याकडे बघत होती. तिथे पुष्पाबाई अजून बसलेल्या दिसत होत्या. त्यांच्यापर्यंत हे सगळं पोचायचं होतं. मग त्यांनी खुर्चीचा हात धरला, पदरानं डोळे टिपले आणि सावकाश उभ्या राहिल्या.

“पुष्पा कर्णिक,” त्या म्हणाल्या. “रफार पण आहे, वेलांटी पण.”