फ्रेंचची जादा परीक्षा

मावशीचा चष्मा घरी राहिला, तो द्यायला मी तिच्या दवाखान्यात गेले. मावशी तिथं नर्स. आत डॉक्टरांसमोर एक परदेशी आजोबा फ्रेंचमध्ये काहीतरी कळवळून सांगत होते, आणि शेजारी उभा असलेला एक उंच मुलगा ते डॉक्टरांना समजावून देत होता.

किती शांतपणे ऐकत होता तो! आजोबा अडखळले की हाही थांबायचा, त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवायचा... मी चष्मा हातात धरून बघतच राहिले.

मग तोच अडला. "डॉक्टर, पायात काहीतरी होतंय म्हणतात. पण हा शब्द मला नाही येत. अंदाजानं नाही सांगणार."

"मुंग्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्यांच्या भाषेतही पायाला मुंग्याच येतात!"

डॉक्टरांनी लगेच आजोबांचे मोजे काढायला लावले. इतका वेळ ते गुडघाच तपासत होते, पण तक्रार गुडघ्याची नव्हती, नसेची होती.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "फ्रेंच येतं तुला?"

"लिहायला येतं. शाळेत पहिली असते. बोलायला मात्र... आज पहिल्यांदा तोंड उघडलं."

"तेही आपल्याच भाषेत!" तो हसला. मी लाजले, पण रागावले नाही.

त्याच्या आत्याचं छोटं लॉज होतं; आजोबा तिथंच उतरले होते. फ्रेंच पाहुण्यांच्या बॅगा उचलता उचलता तो ही भाषा शिकला होता, एकही पुस्तक न उघडता. कॉलेजच्या प्रवेशासाठी आम्ही दोघंही अर्ज भरत होतो, आणि दोघांचाही एकच रकाना कोरा होता — भाषेची जादा परीक्षा देणार का? मुदत शुक्रवारपर्यंत.

"तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसेल," मी म्हटलं. "चांगला अर्ज उगाच बिघडायचा."

"आणि माझं शुद्धलेखन बघून तपासणारा रजेवर जाईल. पण भीतीपोटी 'नाही' लिहायचं नाही. चार दिवस बघू... तू मला लिहायला शिकव, मी तुला बोलतं करतो."

मग रोज दुपारी लॉजच्या जिन्यात आमचा वर्ग भरायचा. मी त्याच्या वहीत लाल रेघा मारायचे; तो एकदाही न कुरकुरता तेच वाक्य पुन्हा लिहायचा. मी बोलताना गडबडले की घाई करायचा नाही. माझ्याकडे असा बघत राहायचा, जणू माझ्या पुढच्या शब्दावर सगळं अडलंय! त्या नजरेपुढे मी धीट होत गेले.

शुक्रवारी तो परीक्षक झाला. "सांगा, या आठवड्यात तुम्हाला काय आवडलं?"

मी श्वास घेतला आणि फ्रेंचमध्येच, न अडखळता म्हणाले, "दवाखान्यातला एक मुलगा. जे येत नव्हतं, ते येत नाही असं सरळ सांगणारा. तो मला आवडला होता."

त्याचे कान लाल झाले. "पाठ केलंस?"

"नाही... आत्ताच सुचलं."

"एक चूक आहे," तो हळूच म्हणाला. "भूतकाळ वापरलास."

"मग तू दुरुस्त कर ना."

त्यानं केलं. वर्तमानकाळात. कर्ता बदलून, कर्म बदलून — "तू मला आवडतेस." एवढंसं वाक्य, पण ते म्हणताना नेहमी घडाघडा बोलणारा तो दोनदा अडखळला. मी अजिबात घाई केली नाही.

आत आत्याच्या टेबलावर दोघांचे अर्ज पडले होते. आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि त्या रकान्यात दोघांनीही 'हो' लिहिलं.