भिंतीकडे वळवलेलं डोकं

माझ्या वहीत नोंद आहे: मंगळवार, दुपारचे सव्वातीन, आभाळ भरलेलं. मी आत्याच्या हॅटच्या दुकानात फळीवरची लाकडी डोकी पुसत होते. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या मापाचं एक डोकं आमच्याकडे असे; आत्याचं आणि माझंही होतं. माणूस गेलं, की त्याचं डोकं भिंतीकडे वळवायचं, ही दुकानाची रीत.

एके काळी आत्याने सगळ्या शहराला वेड लावलं होतं. गाडीच्या चाकाएवढी हॅट आणि तिच्यावर पेंढा भरलेला पक्षी! ट्रामचा कंडक्टर ओरडायचा, "बाई, पाखराचंही तिकीट काढा!" नाटकाला मागच्या रांगेतले लोक अक्षरशः हात जोडायचे.

आत्या गेली त्याला वर्ष झालं. तिचं डोकं मीच वळवलं होतं. त्या दुपारी ते पुसायला उचललं आणि बुडाखालची नावाची चिठ्ठी वाचली.

ते माझं डोकं होतं.

आमच्या दोघींचं माप एकच, बावीस इंच. रडता रडता मी चुकीचं वळवलं होतं. वर्षभर गिऱ्हाइकं मला 'आत्याबाई' म्हणत होती. मला वाटलं, सवय असेल. आणि ज्या पक्ष्यांचा मला लहानपणापासून तिटकारा, ते मी वर्षभर हॅटवर टाचत होते.

मी माझं डोकं समोर फिरवलं. आत्याचं भिंतीकडे केलं.

मागे कात्री वाजली. तापलेल्या सरसाचा वास आला. शेगडी तर विझलेली होती.

"राहू दे ना गं... एक हॅट बाकी आहे..."

आवाज माझ्याच घशातून आला होता.

मी दात आवळले. "आत्या, तुझ्या हॅट शिवून झाल्या."

"बाळे... माप तर एकच..."

"माप असेल. डोकं माझं आहे!"

कात्री थांबली.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानाची पाटी बदलली, माझ्या नावाची लावली. सगळे पक्षी उसवून टाकले. आता मी लहान, साध्या टोप्या शिवते. ज्यांना आवडत नाहीत, त्यांनी दुसरं दुकान बघावं.

रोज सकाळी कुलूप काढते, तेव्हा माझं डोकं भिंतीकडे असतं. रोज मी ते समोर फिरवते. आज फिरवताना माझ्याच मानेत कट् झालं.

तरी पुरतं फिरवलंच.